कूलिंगवरच्या बाळाची लघवी कमी झाली, क्रिएटिनिन वाढलं: किडनीचं काय?

ब्रह्मपुरीकडच्या एका मामांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. बहिणीचं पहिलं बाळंतपण. तालुक्याच्या ठिकाणी प्रसूती झाली, कळा लांबल्या, बाळ जन्मल्यावर रडलं नाही. वजन २.८ किलो. साडेचार तासांत बाळ नागपूरला पोचलं, एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) घेतलं आणि डॉक्टरांनी ‘कूलिंग’ सुरू केलं, म्हणजे मेंदू वाचवण्यासाठी बाळाचं अंग मुद्दाम थंड ठेवणं. आज दुसरा दिवस. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ) काल ०.९ होतं, आज १.४ आहे. सोडियम १२८. चोवीस तासांत लघवी साधारण ४० मिली. डॉक्टर म्हणाले, ‘किडनीला धक्का बसलाय, सलाईन कमी करतोय.’ घरात आता तीन प्रश्न आहेत. थंड केल्यामुळे किडनी खराब झाली का? लघवी होत नसताना पाणी कमी का करतात? (आजीचा प्रश्न तर त्यांनी तिच्याच शब्दांत लिहिलाय: ‘लेकराले पाणी काऊन नाही देत?’) आणि डायलिसिस लागलं तर आयुष्यभराचं दुखणं मागे लागेल का?

भाऊ, मी नागपुरात नवजात बाळांवरच उपचार करतो. विदर्भातल्या बऱ्याच जिल्ह्यांतून आणि छिंदवाडा-बालाघाटकडून अशी बाळं इथे येतात. तुमच्या बाळाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे त्याच्या उपचाराचे निर्णय तिथल्या डॉक्टरांचेच. पण तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून बरंच समजावून सांगता येईल.

पहिला प्रश्न आधी घेतो, कारण घरात दोष कुणाचा ही चर्चा सुरू झाली की आई दूध काढायचंही सोडून देते. बाळाच्या किडनीला धक्का बसला तो जन्माच्या वेळी, ऑक्सिजन कमी पडला तेव्हा. बाळ गुदमरू लागलं की शरीर रक्ताची वाटणी बदलतं. मेंदू, हृदय आणि मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथी यांच्याकडे रक्त वळवलं जातं आणि कातडी, स्नायू, आतडी, किडनी यांचं कमी केलं जातं. थोडा वेळ हे निभतं. लांबलं तर किडनीतल्या बारीक नळ्यांच्या पेशी उपाशी पडतात. या नळ्यांचं काम गाळलेल्या पाण्यातून मीठ, साखर, क्षार परत खेचून घेण्याचं, आणि त्याला ऑक्सिजन भरपूर लागतो. म्हणून सगळ्यात आधी त्याच पेशी मार खातात. म्हणजे मेंदूला वाचवताना किडनीने आपला वाटा सोडला. कूलिंग सुरू झालं ते त्यानंतर काही तासांनी.

किडनीचा त्रास अशा बाळांत दुर्मीळ नाही. २०१४ मध्ये चार देशांतल्या २४ एनआयसीयूंतल्या बाळांची माहिती गोळा करून ‘अवेकन’ नावाचा मोठा अभ्यास झाला, भारतही त्यात होता. त्यात जन्मताना गुदमरलेल्या ११३ बाळांपैकी ४७ बाळांना किडनीची इजा झालेली दिसली. बाहेर जन्मून रेफर होऊन आलेल्या बाळांत धोका जास्त होता, आणि विदर्भातलं अंतर बघता ते आपल्याला नीट कळतं. त्याआधी २०१३ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमधून ९६ कूलिंगवरच्या बाळांचा अभ्यास आला, त्यात ३६ बाळांना ही इजा होती. थोडक्यात, कूलिंगवर असलेल्या दर पाच बाळांत दोघांना कमी-अधिक प्रमाणात हे होतं असं धरून चालायला हरकत नाही.

मग थंडीचा किडनीवर काहीच परिणाम नाही का? आहे. बाळाचं आतलं तापमान ३३ ते ३४ अंशांवर ठेवलं की हृदयाचे ठोके कमी होतात, रक्त फेकण्याचं प्रमाण घटतं, किडनीतली गाळणी हळू चालते. मॉनिटरवर ९०-१०० ठोके दिसले की नातेवाईक घाबरतात, पण त्या तापमानाला तेवढे अपेक्षितच असतात. मात्र त्याच वेळी पेशींची ऑक्सिजनची भूकही कमी होते, त्यामुळे हिशेब एकतर्फी राहत नाही. बऱ्याच चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात ११ चाचण्यांमधली १५०५ बाळं होती. कूलिंगमुळे वाढलेले त्रास म्हणून त्यात ठोके मंदावणं आणि प्लेटलेट कमी होणं हे नोंदलं गेलं, किडनी निकामी होणं नाही. पुद्दुचेरीच्या जिपमेरमध्ये तर १२० बाळांवर नेमका हाच प्रश्न तपासला गेला. कूलिंग मिळालेल्या बाळांत किडनीची इजा ३२ टक्के, न मिळालेल्यांत ६० टक्के. एका केंद्राचा अभ्यास आहे, त्यावर सगळा भार टाकू नये, पण थंडीने किडनी जाते या समजुतीच्या तो अगदी उलट आहे.

इथे एक गोष्ट लपवून ठेवणं मला योग्य वाटत नाही, कारण ती तुम्हाला मोबाईलवर सापडणारच आहे. २०२१ मध्ये ‘हेलिक्स’ चाचणीचे निष्कर्ष आले. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या सात एनआयसीयूंतली ४०८ बाळं त्यात होती. मृत्यू किंवा अपंगत्व या एकत्रित मोजमापात कूलिंगचा फायदा दिसला नाही, आणि कूलिंगच्या गटात मृत्यू जास्त झाले: ४२ टक्के विरुद्ध ३१ टक्के. श्रीमंत देशांतल्या चाचण्यांत जो फायदा दिसला तो इथे का दिसला नाही यावर डॉक्टरांमध्ये अजून वाद चालू आहे. माझं स्वतःचं मत असं झालंय की कूलिंग कुठेही, कुणालाही करण्याची गोष्ट नाही. सहा तासांच्या आत पोचलेलं, पूर्ण दिवसांचं, मेंदूवर मध्यम किंवा तीव्र परिणाम असलेलं बाळ हवं. आणि व्हेंटिलेटर, रक्तदाब सांभाळणारी औषधं, रात्री दोनलाही सोडियम-पोटॅशियम करून देणारी लॅब, झटके ओळखणारी नजर हे सगळं एका छताखाली हवं. तुमच्या बाळाचा हा निर्णय विचार करून झालेला दिसतो. आता क्रिएटिनिन वाढलं या भीतीने अर्ध्यावर कूलिंग बंद करा असा आग्रह धरू नका. त्याने किडनीचं भलं होईल याला आधार नाही, आणि घाईने ऊब दिली तर झटके येण्याचा आणि रक्तदाब घसरण्याचा धोका आहे.

आता तुमचे आकडे. ०.९ वरून १.४ म्हणजे ०.५ ची वाढ. ४८ तासांत ०.३ किंवा त्याहून जास्त वाढ झाली की नवजात बाळांसाठी बेतलेल्या ‘केडिगो’ या आंतरराष्ट्रीय किडनी संस्थेच्या निकषांनुसार तिला किडनीची तीव्र इजा म्हणतात, पहिली पायरी. दीडपट ते दुपटीच्या आत असेल तरी पहिली, दुप्पट झाली की दुसरी, तिप्पट झाली किंवा २.५ च्या वर गेली की तिसरी. लघवीचंही तसंच. २.८ किलोच्या बाळाने तासाला किलोमागे एक मिली या हिशेबाने दिवसाला ६७ मिली तरी करायला हवी. ४० मिली म्हणजे ०.६. हीसुद्धा पहिलीच पायरी. अर्ध्या मिलीच्या खाली गेली तर दुसरी, ०.३ च्या खाली तर तिसरी. आज तुमचं बाळ दोन्ही बाजूंनी पहिल्या पायरीवर आहे. गंभीर आहे, पण किडनी ‘फेल’ झाली असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

या क्रिएटिनिनबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण अनुभवी माणसंही इथे चकतात. जन्मानंतरचं पहिलं क्रिएटिनिन बाळाचं नसतंच, ते आईचं असतं, नाळेतून आलेलं. निरोगी पूर्ण दिवसांच्या बाळाची किडनी पुढच्या आठवड्यात ते बाहेर टाकते आणि आकडा ०.३-०.४ च्या आसपास येतो. म्हणजे या आठवड्यात क्रिएटिनिनने खाली उतरायलाच हवं. समजा एखाद्या बाळाचं पहिल्या दिवशी ०.९ आणि पाचव्या दिवशीही ०.९ आहे. वाढ शून्य, निकषांच्या तक्त्यात हे बाळ ‘नॉर्मल’ बसतं. पण त्याची किडनी चार दिवसांत आईचंसुद्धा क्रिएटिनिन बाहेर टाकू शकलेली नाही! २०१६ मध्ये गुदमरलेल्या, कूलिंग मिळालेल्या बाळांसाठी हाच विचार मांडणारा अभ्यास आला. जन्मापासून तिसऱ्या दिवसापर्यंत क्रिएटिनिन निदान ३३ टक्के, पाचव्यापर्यंत ४० आणि सातव्यापर्यंत ४६ टक्के उतरलं नाही तर ती किडनी बरोबर नाही असं समजा, असा त्याचा सूर. मला हा विचार फार उपयोगी वाटतो. मी रोजचा आकडा सुटा बघत नाही, कागदावर ओळीने लिहून त्याचा उतार बघतो. तुम्हीही वहीत तारीख, वेळ आणि आकडा असं लिहून ठेवा.

लॅब शक्यतो एकच असू द्या. कावीळ वाढलेली असेल तर जुन्या जाफे पद्धतीने केलेलं क्रिएटिनिन खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतं. एन्झाइम पद्धतीची तपासणी मिळत असेल तर या बाळांसाठी तीच चांगली.

लघवीबद्दलही एक बारीक गोष्ट. बाळ गुंगीत आहे, मॉर्फिन किंवा झटक्यांचं औषध चालू आहे, मेंदूही सुस्त आहे. अशा वेळी लघवी तयार होते, पण मूत्राशयातच साठून राहते. ओटीपोटावर हात ठेवला की गोल, टणक फुगीर भाग लागतो. लघवी ‘बंद’ म्हणून धावपळ सुरू होते, आणि कॅथेटर घातला की तीस-चाळीस मिली एकदम निघते. म्हणून लघवी कमी दिसली की आधी पोट चाचपायचं, सोनोग्राफीचा प्रोब टेकवून मूत्राशय बघायचं, मग किडनीला बोल लावायचा. कॅथेटर नसेल तर सिस्टर डायपर वजन करून हिशेब ठेवतात, एक ग्रॅम म्हणजे एक मिली. सोनोग्राफीत किडनीच्या शिरेतला प्रवाहही बघून घेतात, कारण लघवीतून रक्त, कमी प्लेटलेट आणि एका बाजूची मोठी लागणारी किडनी असं एकत्र दिसलं तर शिरेत गुठळी झाल्याची शंका घ्यावी लागते.

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो, आणि त्यांना हे वाचून दाखवा. बाळाला पाणी देतात, फक्त मोजून देतात. किडनी आज दिवसाला ४० मिलीच बाहेर टाकू शकते. श्वासातून आणि कातडीतून काही पाणी उडतं, तेही कूलिंगवर नेहमीपेक्षा कमी. बाहेर जाईल त्याहून जास्त आत घातलं तर ते फुप्फुसात, मेंदूत, कातडीखाली साठणार. गुदमरलेल्या मेंदूला आधीच सूज असते. सोडियम १२८ झालंय ते बहुतेक मीठ कमी पडल्यामुळे नाही, पाणी जास्त झाल्यामुळे. आजारी मेंदू पाणी धरून ठेवणारं संप्रेरक जास्त सोडतो, आणि किडनीही पाणी टाकत नाही, त्यामुळे रक्त पातळ होतं. अशा वेळी मीठ ओतणं हा उपाय नसतो. (झटके येत असतील किंवा सोडियम १२० च्या आसपास घसरलं असेल तर गोष्ट वेगळी.) मातीच्या कुंडीचं खालचं भोक बुजलं असताना झाड कोमेजलं म्हणून वरून पाणी घालत राहिलं तर मुळं कुजतात, तसं हे आहे.

पण पाणी कमी करणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही, आणि डॉक्टरांची खरी कसोटी इथेच लागते. किलोमागे ५० मिली धरले तर तुमच्या बाळाला दिवसाला १४० मिली. त्यात १० टक्के डेक्स्ट्रोज दिलं तर साखर पडते १४ ग्रॅम, म्हणजे मिनिटाला किलोमागे साडेतीन मिलिग्रॅम. बाळाला साधारण चार ते सहा लागते. म्हणजे पाणी कमी केलं की साखर घसरायची भीती, आणि कमी साखर या मेंदूला आणखी मारते. म्हणून नाभीच्या शिरेतून साडेबारा-पंधरा टक्क्यांचं डेक्स्ट्रोज देतात; साडेबाराच्या वरचं हातापायाच्या नसेला सोसत नाही. शिवाय या १४० मिलीत सगळं मोजायचं असतं. धमनीतली लाईन तुंबू नये म्हणून हेपरिनचं सलाईन तासाला एक मिली चालू असेल तर दिवसाला २४ मिली झाले, एकूण कोट्याचा सहावा हिस्सा! अँटिबायोटिक पातळ करायचं पाणी, प्रत्येक इंजेक्शननंतरचा फ्लश, बीपीचं औषध, सगळं त्यातच. ज्या एनआयसीयूत सिस्टर हा मिली-मिलीचा हिशेब चार्टवर लिहितात, तिथे बाळाला सूज कमी येते. नियम म्हणून मी वजनाकडे बघतो. जन्माच्या वजनापेक्षा दहा टक्के वाढ, म्हणजे तुमच्या बाळात २८० ग्रॅम, ही धोक्याची खूण.

आणि उलट बाजूही आहे. सगळ्याच कमी लघवीला पाणी कमी करणं हे उत्तर नाही. जन्माच्या वेळी रक्त गेलं असेल, नाळ आधीच सुटली असेल, बीपी पडलेलं असेल, तर किडनीला रक्त पोचत नाही म्हणून लघवी कमी असते. तिथे आधी रक्ताभिसरण सावरावं लागतं: एखादा सलाईनचा बोलस (थोड्या वेळात दिलेला मोठा डोस), रक्त, हृदयाला बळ देणारं औषध. म्हणून बीपी, लॅक्टेट आणि जमलं तर हृदयाची इको बघून मगच पाण्याचा नळ कुठल्या बाजूला फिरवायचा ते ठरतं.

औषधांचं थोडं. बहुतेक बाळांना जेंटामायसिन किंवा अमिकासिन चालू असतं. ही औषधं किडनीतूनच बाहेर पडतात आणि साठली तर किडनीला आणि कानाला इजा करतात. कूलिंगमध्ये ती आधीच हळू निघतात, त्यामुळे जेंटामायसिनचे डोस २४ ऐवजी ३६ तासांनी देण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. क्रिएटिनिन चढत असेल तर मी पुढचा डोस थांबवून आधी रक्तातली पातळी बघतो, किंवा ब्लड कल्चर कोरं असेल, म्हणजे रक्तात जंतू वाढले नसतील, तर औषध बंदच करतो. मॉर्फिनचंही तेच. ते साठलं की बाळ जास्त गुंगीत दिसतं, आणि ती गुंगी मेंदूच्या इजेची आहे असा गैरसमज होतो.

तुमच्या ओळखीच्या कुणी ‘लघवीचं इंजेक्शन द्यायला सांगा’ असं सुचवलंय असं तुम्ही लिहिलंय. ते इंजेक्शन म्हणजे फ्युरोसेमाइड. त्याने कधी कधी लघवी वाढते, पण किडनीची जखम भरत नाही. अंगात पाणी साठलं असेल तर एकदा देऊन बघतात. प्रतिसाद नसेल तर पुन्हा पुन्हा देऊन कानाचं नुकसान ओढवून घेण्यात अर्थ नाही. कमी डोसचं डोपामिन ‘किडनीसाठी’ देण्याची जुनी सवयही आता सोडून द्यायला हवी, त्याचा फायदा सिद्ध झालेला नाही.

एक औषध मात्र खरोखर चर्चेचं आहे, थिओफिलिन. ऑक्सिजन कमी पडला की किडनीत ॲडिनोसिन नावाचं रसायन साठतं आणि गाळणीकडे रक्त नेणारी बारीक धमनी आवळली जाते. थिओफिलिन हा आवळ सोडवतं. २००६ मध्ये श्रीनगरच्या डॉक्टरांनी गुदमरलेल्या बाळांना जन्मानंतर पहिल्या तासात एकच डोस देऊन किडनीची इजा कमी झाल्याचं दाखवलं, आणि २०१२ च्या केडिगो मार्गदर्शिकेने तीव्र गुदमरलेल्या, जास्त धोक्याच्या बाळांसाठी एका डोसचा विचार करावा असं सुचवलं. पण ज्या चाचण्यांवर हे आधारलंय त्यांतली बाळं कूलिंगवर नव्हती. थंड बाळात हे औषध जास्त वेळ अंगात राहणार, आणि त्याने झटके वाढण्याची भीती आहे. शिवाय त्याची वेळ पहिल्या काही तासांची. तुमच्या बाळाची ती वेळ टळून गेलीय, म्हणून ‘ते का नाही दिलं’ याचा सल मनात ठेवू नका.

आता पुढच्या दोन दिवसांत काय घडेल. कूलिंग ७२ तास चालतं, मग तासाला ०.२ ते ०.५ अंश इतक्या हळू बाळाला ऊब देतात, म्हणजे साडेतेहतीसवरून साडेछत्तीसला यायला सहा ते पंधरा तास. हे तास किडनीच्या दृष्टीने नाजूक असतात. थंडीत पोटॅशियम पेशींच्या आत ढकललेलं असतं. अंग तापू लागलं की ते बाहेर रक्तात येतं, आणि किडनी ते टाकायला तयार नसेल तर आकडा भराभर चढतो. त्याच वेळी कातडीच्या रक्तवाहिन्या उघडतात आणि बीपी पडू शकतं. म्हणून ऊब देण्याआधी, मधे आणि नंतर पोटॅशियम बघतात, ईसीजीवरच्या टोकदार लाटांवर लक्ष ठेवतात. चढलं तर हृदयाला जपायला कॅल्शियम ग्लुकोनेट, पोटॅशियम परत आत ढकलायला इन्सुलिन-डेक्स्ट्रोज, साल्ब्युटामॉलची वाफ हे सगळं हाताशी असतं. पोटॅशियम घातलेलं सलाईन अशा बाळाला लघवी नीट सुरू झाल्याशिवाय देत नाहीत.

साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या आसपास बहुतेक बाळांचं क्रिएटिनिन शिखर गाठून उतरू लागतं. मग लघवी अचानक खूप वाढू शकते. घरचे खूश होतात, डॉक्टर सावध होतात. गाळणी सुरू झालेली असते, पण नळ्या अजून मीठ-पाणी परत खेचायला शिकलेल्या नसतात. आता पाणी आणि सोडियम वाढवून द्यावं लागतं, नाहीतर बाळ कोरडं पडतं. कालपर्यंत पाणी तोडणारे डॉक्टर आज सलाईन वाढवतायत म्हणून गोंधळून जाऊ नका.

डायलिसिस फार थोड्या बाळांना लागतं. पोटॅशियम औषधांना दाद देत नसेल, रक्तातलं आम्ल आवरत नसेल, पाणी साठून श्वास अडकत असेल तेव्हा. या वयात बहुधा पोटाचं डायलिसिस करतात. पोटात बारीक नळी घालून किलोमागे दहा मिली, म्हणजे तुमच्या बाळाला २८ मिली द्रव सोडायचा, अर्धा-पाऊण तास ठेवायचा, काढायचा, पुन्हा सोडायचा. मोठ्या माणसासारखं यंत्राला जोडणं नाही, आणि ते जन्मभराचंही नसतं. किडनी जागी होईपर्यंतचे काही दिवस. पण डायलिसिसचा प्रश्न आलाच तर त्या वेळी मेंदूची स्थिती काय आहे हेही डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. किडनीची इजा आणि एमआरआयमधली मेंदूची इजा बरेचदा हातात हात घालून येतात, कारण दोन्हींचं मूळ एकच. तीव्र मेंदू-इजेत डायलिसिस सुरू करावं की नाही हा निर्णय कुटुंबाने आणि डॉक्टरांनी मिळून घ्यायचा असतो, आणि त्याला वेळ मागण्यात काही चूक नाही.

बहिणीला सांगा, दर दोन-तीन तासांनी दूध काढत राहा. आईच्या दुधात फॉस्फेट आणि क्षारांचा भार कमी असतो, आजारी किडनीला त्याच्याइतकं मानवणारं दुसरं काही नाही. डॉक्टर परवानगी देतील तेव्हा थेंबाथेंबाने सुरू होईल.

हे वाचणाऱ्या गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडाऱ्याच्या डॉक्टर-सिस्टरांसाठी दोन गोष्टी. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, आणि तापलेल्या ॲम्ब्युलन्समधून, दुपट्यात गुंडाळून आलेलं बाळ कधी कधी ३८ अंशांवर पोचतं. गुदमरलेल्या मेंदूला ताप फार वाईट, आणि अंगातलं पाणी उडालं की किडनीलाही वाईट. तापमान मोजत आणा, चढत असेल तर गुंडाळणं कमी करा. मात्र बर्फाचे पॅक लावून स्वतःच थंड करू नका, तेहतीसच्या फार खाली घसरलं तर हृदयाची लय बिघडू शकते. दुसरं, रेफरल चिठ्ठीवर बाळाने लघवी केली का आणि किती वाजता, आईचं क्रिएटिनिन केलेलं असेल तर किती, आणि जेंटामायसिन-अमिकासिनचा डोस किती वाजता दिला, या तीन ओळी लिहा. त्या ओळी नसल्या की आम्हाला पहिले बारा तास अंदाजाने काढावे लागतात.

आयुष्यभराचं काय, हा तुमचा शेवटचा प्रश्न. पहिल्या पायरीची इजा झालेल्या बहुतेक बाळांचं क्रिएटिनिन घरी जाईपर्यंत जाग्यावर येतं. पण आकडा जाग्यावर आला म्हणजे किडनीतल्या सगळ्या गाळण्या शाबूत राहिल्या असं नाही. पूर्ण दिवसांचं बाळ आपल्या सगळ्या गाळण्या घेऊनच जन्मतं, नंतर नवीन तयार होत नाहीत. काही गेल्या असतील तर उरलेल्या जास्त काम ओढतात, आणि त्याचा ताण वर्षांनी बीपीच्या किंवा लघवीतल्या प्रथिनांच्या रूपाने दिसू शकतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर ‘एचआयई (ऑक्सिजन कमी पडून झालेली मेंदूची इजा), कूलिंग, झटके’ यांच्या बरोबरीने ‘किडनीची तीव्र इजा’ आणि सर्वांत जास्त क्रिएटिनिन किती होतं हे लिहून घ्या. मी बघतो त्यातल्या कितीतरी कार्डांवर मेंदूची सगळी माहिती असते आणि किडनीचा एक शब्द नसतो. मग दोन वर्षांनी नवीन डॉक्टरला काही कळायला मार्ग राहत नाही. तीन महिन्यांनी क्रिएटिनिन, लघवीची तपासणी आणि बाळाच्या मापाच्या कफने बीपी, पुढे वर्षातून एकदा बीपी आणि लघवी, एवढं केलंत तरी पुष्कळ झालं.

घरी गेल्यावर बाळगुटी नको, कुणाच्या सांगण्यावरून काढा नको, तापाला डॉक्टरांना न विचारता आयबुप्रोफेन नको. सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातसुद्धा वरचं पाणी नको, दूध मात्र जास्त वेळा पाजायचं. नंतर कधी जुलाब लागले तर ओआरएस द्यायला वाट बघू नका, पहिल्याच जुलाबापासून सुरू करा आणि डॉक्टरांना ‘जन्माच्या वेळी किडनीला इजा होती’ हे आठवणीने सांगा.

उद्याच्या राउंडला डॉक्टरांना चार आकडे विचारून वहीत लिहा: क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम आणि चोवीस तासांची लघवी. जेंटामायसिन चालू आहे का तेही विचारा. ऊब देऊन झाल्यावरचे आकडे मला कळवा, मग पुढचं बोलू.